आधी आकडा, मग सही

अगं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं हे ऐकून बरं वाटलं. किती वर्षं त्या भिंतीला धरून उठतायत. पण खर्च किती म्हणून विचारलं, तर तू काय म्हणालीस? "डॉक्टर म्हणाले अक्का, दोन-अडीच लाखांच्या घरात जाईल." आणि एवढ्यावर तुम्ही घरचे सगळे गप्प बसलात. बाई गं, दोन आणि अडीचच्या मधे पन्नास हजार रुपये असतात! ते कुठून यायचे, कशासाठी जायचे, हे कुणीच विचारलं नाही?

म्हणून म्हटलं, फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं नीट लिहूनच द्यावं. तुला माहीतच आहे, माझी नोकरी दवाखान्याच्या बिलिंगच्या खिडकीमागे गेली. कुठल्या दवाखान्यात, ते सोड. इंडी-अफझलपूरपासून तुळजापूर-उमरग्यापर्यंतचे पेशंट सोलापूरला येतात, त्यांचे नातेवाईक त्या खिडकीसमोर उभे राहायचे. बिल हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी रोज बघितलंय. आणि एक सांगते, तो चेहरा आकडा मोठा आहे म्हणून होत नाही. आकडा अचानक समोर येतो म्हणून होतो. ज्याला आधीच कळलं होतं, तो पैसे मोजून, पावती घडी घालून, रिक्षा बोलवायला जायचा. ज्याला कळलं नव्हतं, तो खिशातला फोन काढून एकेकाला लावत बसायचा.

मला कळतं, तू का विचारत नाहीस. सून आहेस. सुनेनं सासूच्या ऑपरेशनचा खर्च विचारला की लगेच कुणीतरी म्हणणार, "बघा, हिला पैशाची पडलीय." मुलानं विचारलं तर म्हणणार, "आईपेक्षा पैसा मोठा झाला का?" म्हणून मुलगाही गप्प, सूनही गप्प. आणि ज्यांचा गुडघा, त्या सासूबाई? अगं, जन्मभर विड्या वळून, हजार विड्यांचे किती आणि छाटात किती गेल्या याचा हिशेब तोंडपाठ ठेवलेली बाई ती! तिला आकडा कळायला नको, असं तुम्हीच ठरवून टाकलंत. त्यांना बरोबर घेऊन जा. डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू दे, "साहेब, सगळं मिळून किती?" बघ, कोण नावं ठेवतं ते.

आणि डॉक्टरांना राग येईल ही भीती तर मनातून काढूनच टाक. डॉक्टरांच्या व्यवसायाचे जे 2002 चे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यातच लिहिलंय की डॉक्टरनं आपली फी सेवा देण्याआधी सांगावी, ऑपरेशन किंवा उपचार सुरू झाल्यावर नाही. फी आणि इतर आकार फलकावर लावावेत, हेही त्यातच आहे. म्हणजे तू विचारतेस ते काही जगावेगळं नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर त्याहून पुढची गोष्ट झालीय. नर्सिंग होमच्या नोंदणीचा 1949 चा जुना कायदा आहे, त्याच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये सुधारणा केली. त्यात रुग्ण हक्कांची सनद आली आणि दवाखान्यानं दरपत्रक दिसेल अशा जागी लावायचं, हे आलं. खाटेचे रोजचे पैसे, आयसीयूचे, डॉक्टरांच्या एका व्हिजिटचे, ऑपरेशन थिएटरचे, भूल देण्याचे, नर्सिंगचे, ऑक्सिजनचे, असे आकार त्यात हवेत. उपचाराला अंदाजे किती खर्च येईल ते जाणून घेण्याचा आणि बाबवार बिल मागण्याचा हक्कही त्यात आला. गंमत बघ, त्याच जानेवारीत अमेरिकेतही दवाखान्यांनी आपले दर जाहीर करावेत असा नियम लागू झाला. तिथे तर 2022 पासून विमा नसलेल्या पेशंटला आधी लेखी अंदाज द्यावा लागतो आणि बिल त्याच्यापेक्षा चारशे डॉलर किंवा जास्त वाढलं तर दाद मागता येते. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्याकडचा नियम दर लपवू नका म्हणतो. दर किती असावा, यावर खाजगी दवाखान्याला महाराष्ट्रात मर्यादा नाही. म्हणून तर तुला विचारायला हवं.

मर्यादा एकदाच आली होती, कोरोनात. 21 मे 2020 ला सरकारनं दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला 4,000, आयसीयूत 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. पुढच्या वर्षी जूनमध्ये शहरांचे वर्ग पाडले, त्यात सोलापूर दुसऱ्या वर्गात आलं आणि तेच आकडे आपल्यासाठी 3,000, 5,500 आणि 6,700 झाले. बिलं तपासायला ऑडिटर नेमले. मी सांगते तुला, त्या दिवसांत बिलातली एकेक ओळ लिहिताना लिहिणाऱ्याचा हात जरा विचार करायचा, कारण ती ओळ दुसरं कुणीतरी वाचणार आहे हे माहीत होतं. पुढे साथ गेली, ते आदेश गेले, ऑडिटरही गेले. आता तुमच्या घराचा ऑडिटर तूच.

तर आता विचारायचं कसं? "किती होतील?" असं विचारलं की "दोन-अडीच" असंच उत्तर येणार. धाकटीच्या लग्नात आपण मंगल कार्यालय ठरवलं तेव्हा काय केलं होतं, आठव. भाडं किती एवढ्यावर आपण थांबलो का? लाईट धरून का? जनरेटर धरून का? भांडी, पाणी, साफसफाई, आदल्या रात्री खोल्या मिळणार का, आणि दुपारी बारानंतर एक तास जास्त लागला तर काय घेणार, हे सगळं विचारून कागदावर घेतलं होतं. अगदी तसंच इथे विचारायचं: या आकड्यात काय धरलंय आणि काय धरलेलं नाही.

डॉक्टर स्वतः हे सांगत बसणार नाहीत, त्यांना वेळही नसतो. त्यांच्याकडून एवढंच लिहून घे की ऑपरेशन कुठलं, एका गुडघ्याचं की दोन्ही, किती दिवस राहावं लागेल, आयसीयू लागण्याची शक्यता आहे का. तो कागद घेऊन बिलिंगला जा आणि म्हण, "एस्टिमेट लेखी द्या, दवाखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यासह." मग एकेक विचार.

सर्जनची फी यात आहे का? असिस्टंटची? भूलतज्ज्ञांची? भूलतज्ज्ञ पुष्कळदा बाहेरून येतात, त्यांची फी वेगळी सांगतात. फिजिशियनची तपासणी, म्हणजे ऑपरेशनला फिटनेस देणारे डॉक्टर, त्यांचे किती? ऑपरेशनच्या आधीचे रक्त, ईसीजी, टू-डी इको, एक्स-रे यात धरलेत का? रक्ताची पिशवी लागली तर? औषधं आणि हातमोजे-सुया-ड्रेसिंगचं सामान पॅकेजमध्ये आहे की "मेडिकल वेगळं"? हा शेवटचा प्रश्न कधी चुकवू नकोस. "पॅकेज 1,60,000" म्हणतात आणि मेडिकल त्याच्या बाहेर असतं, तिथेच माणूस फसतो. गुडघ्यात तर फिजिओथेरपी, वॉकर, पट्टा हे पण येतं. आणि हल्ली "रोबोटिक" नावाचं एक आलंय. घ्यायला हरकत नाही, पण त्याच्यासह किती आणि त्याच्याशिवाय किती, दोन्ही आकडे माग, आणि सासूबाईंच्या गुडघ्याला त्याची खरंच गरज आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचार.

शेवटी एक प्रश्न विचार, जो कुणीच विचारत नाही: "सगळं सुरळीत झालं तर किती, आणि काही गुंतागुंत झाली तर कुठपर्यंत जाऊ शकतं?" चांगले डॉक्टर याचं उत्तर देतात. त्यांचीही बाजू समजून घे. सासूबाईंना साखर आहे. जखम चिघळली, चार दिवस जास्त राहावं लागलं, तर तो खर्च आधी कुणाला नेमका सांगता येईल? म्हणून एक आकडा मागू नकोस, खालचा आणि वरचा असे दोन माग, आणि आकडा वर जायला लागला तर आधी सांगा, एवढं बोलून ठेव. प्रामाणिक माणसाला यात काही अवघड नाही.

आता गुडघ्यात जो सांधा बसवतात, त्याच्याबद्दल. हा बिलातला मोठा तुकडा असतो. 16 ऑगस्ट 2017 ला केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्यांना कमाल किंमत ठरवून दिली. जो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सर्रास वापरतात, तो आधी सरासरी दीड लाखाच्या वर छापील किमतीला विकला जायचा. तो 54,720 रुपये अधिक जीएसटी असा खाली आला. पुढे त्या मर्यादेत थोडाफार बदल होत राहतो, म्हणून आजची कमाल किंमत किती तेही विचारून घे. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटलाही अशीच मर्यादा आली होती. सांध्याचा ब्रँड, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत बिलात वेगळी दाखवायची असते. डब्यावरचे स्टिकर फाईलला लावतात, त्याचा फोटो काढून ठेव. पुढे दहा वर्षांनी काही झालं तर तो कागदच कामाला येईल.

मोठ्या वस्तूकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बारीकसारीक सामानाकडे कुणाचंच नसतं. 2018 मध्ये याच प्राधिकरणानं दिल्लीच्या आसपासच्या चार मोठ्या खाजगी दवाखान्यांची बिलं तपासली. सलाईनच्या नळीला लावतात तो छोटासा प्लॅस्टिकचा कॉक असतो ना, थ्री-वे म्हणतात बघ, तो दवाखान्याला 5 रुपये 77 पैशांना पडला होता आणि पेशंटच्या बिलात 106 रुपयांना लागला होता. आणि त्यात छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेतलेला नव्हता, कारण छापील किंमतच तेवढी होती. म्हणून "एमआरपीनंच लावलंय हो" हे उत्तर ऐकून समाधान मानू नकोस. बाहेरच्या मेडिकलमधून तेच औषध आणायची मुभा रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. ऑपरेशनच्या टेबलावरचं सामान तू आणू शकणार नाहीस, ते ठीक. पण वॉर्डातली रोजची इंजेक्शनं, गोळ्या यांची चिठ्ठी मागता येते.

आता जावईबापूंच्या मेडिक्लेमकडे वळू, कारण सगळ्यात जास्त रडारड मी तिथेच बघितलीय. "इन्शुरन्स आहे, मग काय, स्पेशल रूम घेऊ" असं म्हणून माणसं मोकळी होतात. आधी पॉलिसी काढ आणि दोन गोष्टी बघ. एक, सांधेबदलाला किती वर्षांची प्रतीक्षा आहे. पुष्कळ पॉलिसींमध्ये ती असते, आणि ती संपली नसेल तर क्लेमच बसत नाही. दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा.

ही दुसरी नीट समजून घे, पेन घेऊनच बस. समज, विमा तीन लाखांचा आणि खोलीला रोज एक टक्का, म्हणजे 3,000 ची मर्यादा. तुम्ही घेतली 6,000 ची खोली, चार दिवस. खोलीचे झाले 24,000. सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट मिळून धर 1,00,000. सांधा आणि औषधं 90,000. एकूण 2,14,000. तुला वाटेल, खोलीचे वरचे 12,000 आपण भरू, बाकीचं कंपनी देईल. तसं होत नाही. तुम्ही मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली, म्हणून कंपनी डॉक्टर आणि थिएटरचेही निम्मेच देते. सांधा आणि औषधांना ही कात्री लागत नाही. म्हणजे कंपनीकडून खोलीचे 12,000, त्या लाखातले 50,000 आणि सांधा-औषधांचे 90,000, मिळून 1,52,000 येणार. उरलेले 62,000 तुमचे. शिवाय 5,000 च्या वरच्या खोलीला, आयसीयू सोडून, 18 जुलै 2022 पासून पाच टक्के जीएसटी आहे, म्हणजे आणखी 1,200. आणि हातमोजे, मास्क असलं जे सामान कंपनी धरत नाही, ते त्याहून वेगळं. खोलीत एसी आणि नातेवाइकाला कॉट मिळावी म्हणून केवढ्याला पडलं बघ.

विमा नसला तरी खोलीचं गणित सुटत नाही. बऱ्याच दवाखान्यांत जनरल, सेमी-स्पेशल आणि स्पेशलला सर्जनची फी आणि थिएटरचा आकारही वेगवेगळा असतो. डॉक्टर तेच, टेबल तेच, गुडघा तोच. म्हणून एस्टिमेट मागताना तिन्ही वर्गांचं माग आणि मग खोली ठरव. सासूबाईंना तर जनरलमध्येच बरं वाटेल बघ, बोलायला चार बायका मिळतील.

कॅशलेस असेल तर आणखी एक. विमा नियामकानं मे 2024 मध्ये कंपन्यांना बजावलंय की कॅशलेसच्या मंजुरीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यापायी खोलीचे पैसे वाढले तर ते कंपनीनं सोसायचे. सकाळी डिस्चार्ज सांगून रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं, तर ही गोष्ट तोंडावर सांगता आली पाहिजे.

पण हे सगळं खाजगीचं झालं. त्याच्याही आधी एक दार ठोठाव. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही आपल्याकडे नवी नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं ती ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. आता 1 जुलै 2024 पासून ती पिवळ्या-केशरीच काय, पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळतंय" हे म्हणणं आता जुनं झालं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद घेऊन त्याच्याकडे जा, आणि हे ऑपरेशन यादीत आहे का, इथे होतं का, हे विचार. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली आहेत. फोन करायचा तर 155388. योजनेतून झालं तर पेशंटकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात, तेवढं ध्यानात ठेव. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, हाडांच्या विभागातही एकदा चौकशी कर. सिव्हिल म्हटलं की नाक मुरडायची सवय आपल्याला लागलीय, पण ते वैशंपायन मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे.

दुसरं दार धर्मादाय दवाखान्यांचं. जे मोठे दवाखाने सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेले आहेत, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2006 पासून चालू आहे. वर्षाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर मोफत, 3,60,000 पर्यंत असेल तर सवलत. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. सहकारी किंवा पूर्ण खाजगी दवाखान्याला हे लागू होत नाही, ती गल्लत करू नकोस. कुठला दवाखाना यात बसतो हे आपल्या सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात कळतं. पुण्यात एप्रिल 2025 मध्ये दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, दुसरीकडे नेल्यावर तिचा मृत्यू झाला होता, आणि राज्यभर आग उठली. तेव्हा कुठे लोकांना या खाटांची नावं कळली. खाटा त्याच्या आधी वर्षानुवर्षं होत्या, पण विचारणारं कुणी नव्हतं.

हे सगळं करून खाजगीच करायचं ठरलं, तर एकाच ठिकाणचं एस्टिमेट घेऊन बसू नकोस. आपल्या गावात सहकारी रुग्णालयंही आहेत, अश्विनी आहे, मार्कंडेय आहे, आणि होटगी रोडपासून रेल्वे लाईन्सपर्यंत खाजगी तर किती. तीन ठिकाणचे कागद शेजारी ठेव, पण नुसता शेवटचा आकडा बघू नकोस, कशात काय धरलंय ते जुळव. आणि स्वस्त तेच घे असंही मी म्हणत नाही. सर्जननं किती गुडघे केलेत, आयसीयू तिथेच आहे का, हेही त्याच तराजूत घाल.

ॲडमिट झाल्यावर रोज संध्याकाळी बिलिंगला जाऊन "आजपर्यंतचं बिल दाखवा" म्हणायचं. खिडकीच्या आतून मला एक माणूस कायम आठवतो. अक्कलकोट रोडकडच्या यंत्रमागावर कामाला होता, बायकोचं ऑपरेशन होतं. टॉवेलच्या गठ्ठ्यात घालतात तो पुठ्ठा त्यानं आणला होता. त्यावर तो रोज लिहायचा: आज एक्स-रे एक, डॉक्टर सकाळी आले, संध्याकाळी नाही, इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ. शेवटच्या दिवशी त्यानं पुठ्ठा खिडकीतून आत सरकवला. बिलात एक्स-रे दोन होते, संध्याकाळच्या व्हिजिटा सगळ्या लागल्या होत्या. आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "बाई, जरा जुळवून बघा की." जुळवलं. बिल कमी झालं. भांडणाऱ्याला मॅनेजरकडे पाठवायचे आणि तो तिथून धुसफुसत परत यायचा. पुठ्ठेवाल्याला कुणी काही बोलू शकलं नाही.

औषधांचंही तसंच. वॉर्डातून मेडिकलला मागणी जाते, त्यातलं सगळं वापरलं जातं असं नाही. उरलेल्या सलाईनच्या बाटल्या, न फोडलेली इंजेक्शनं परत जातात, आणि ती "परत" म्हणून बिलातून वजा झाली पाहिजेत. डिस्चार्जच्या आधी सिस्टरला विचार, "मेडिकल रिटर्न झालं का?" एवढ्या चार शब्दांनी हजार-दोन हजार सहज वाचतात. आणि खोलीचा दिवस कधी मोजतात, बारा वाजता की भरती झाल्यापासून चोवीस तास, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेव.

बिल घेताना एका ओळीचं घेऊ नकोस. "हॉस्पिटल चार्जेस 1,40,000" असं लिहिलं असेल तर बाबवार माग. बिल इंग्रजीत असतं, तू बी.ए. असलीस तरी त्यातली अर्धी अक्षरं कळायची नाहीत. मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नकोस. ॲडव्हान्सच्या सगळ्या पावत्या जपून ठेव आणि त्या वजा झाल्यात ना, ते बघ. पावतीशिवाय कुणालाही, अगदी डॉक्टरांच्या ओळखीच्या माणसालाही, रोख देऊ नकोस.

पटलं नाही तर? आधी दवाखान्यात लेखी दे आणि पोच घे. तिथे ऐकलं नाही, तर सोलापूर शहरासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जायचं. बार्शी-पंढरपूर-अकलूजकडचा दवाखाना असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. 2021 च्या नियमांप्रमाणे तिथे तक्रार निवारण कक्ष असायला हवा. त्याच्याही पुढे ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ठरवून टाकलंय, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. मात्र काचा फोडायच्या नाहीत, कुणाच्या अंगावर जायचं नाही. त्यानं आपलंच प्रकरण बिघडतं, आणि त्यासाठी वेगळा कायदाही आहे.

एक गोष्ट मात्र उलटी लक्षात ठेव. अपघात, छातीत कळ, डोक्याला मार, असं काही असेल तर आकडा नंतर, पेशंट आधी. जीव वाचवायचे उपचार पैशासाठी अडवता येत नाहीत, हे 1989 पासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे. आपल्याकडून पुणे आणि हैदराबादचे महामार्ग जातात, म्हणून हेही सांगते: मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या विनारोख उपचारांची केंद्राची योजना आहे. अशा वेळी घरातला एक माणूस पेशंटजवळ थांबेल आणि दुसरा, डोकं शांत असलेला, बिलिंगजवळ. सगळे दोन्हीकडे पळत बसले की कुठेच काही कळत नाही.

पण सासूबाईंचा गुडघा काही आज रात्री पळून जात नाही. तुझ्या हातात पंधरा दिवस आहेत, तेच तुझं भांडवल. सोमवारी रेशनकार्ड आणि पॉलिसी घेऊन निघ, आधी आरोग्यमित्र, मग तीन ठिकाणची लेखी एस्टिमेटं. सासूबाईंना बरोबर ने. आणि कुठल्या दवाखान्यानं "लेखी देत नसतो, विश्वास ठेवा" म्हटलं, तर नमस्कार करून बाहेर पड आणि दुसरं दार बघ. संमतीपत्रावर सही तुमच्या घरातल्याच माणसाची लागते. लेखी आकडा हातात आल्याशिवाय ती कुणाला करू देऊ नकोस.